साकु म्हणल्यावर थांबणारं मशीन

दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या मोबाईलवर एक मेसेज येतो. 'प्रिय ग्राहक, आपल्या कॉफी मशीनच्या अंतर्गत सफाईची वेळ झाली आहे.' मी ग्राहक नाही, प्रिय तर कुणाचीच नाही, आणि माझ्या घरात कॉफीचं मशीन नाही. मी चहा पिते. दोनदा फोन करून सांगितलं, बाई गं, हा नंबर काढ. पलीकडची मुलगी गोड आवाजात 'नक्की मॅडम' म्हणाली आणि पुन्हा मेसेज आला. आता सांगायचं सोडून दिलंय, दमायला होतं. मेसेज आला की पुसून टाकते आणि मग तो अख्खा दिवस बिराजदार सर डोक्यात बसून राहतात.

बिराजदार सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे आणि मी मराठी. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाला चिकटून. घरात कानडी, वर्गात मराठी. त्या मराठीत स्त्रीलिंगाची भानगडच नव्हती. बस आला, सायकल मोडला, परीक्षा जवळ आला. वर पुन्हा 'मी जेवण केलो, मी पेपर तपासलो'. मी मराठीची बाई, माझ्या कानाला ते खड्यासारखं लागायचं. नवीन होते तेव्हा दुरुस्त करायची. म्हणायची, सर, कॉफी झाला नाही, कॉफी झाली. ती कॉफी. सर माझ्याकडे शांतपणे बघायचे.

"बाई, पोटात गेल्यावर ती काय आन् तो काय."

काही वर्षांनी मी हात टेकले. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं.

आमच्या शाळेत चहा यायचा तो कोपऱ्यावरच्या गाड्यावरून. गुळवणी परवडलं, असला चहा. सर तो पीत नसत. पहाटे उठून घरी फिल्टरमधून कॉफीचा काढा उतरवायचा, तो बाटलीत भरून टॉवेलात गुंडाळून आणायचा, आणि मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या शेगडीवर दूध तापवून सगळ्यांना कॉफी द्यायची, असा त्यांचा शिरस्ता. स्टीलचा पेला वाटीत ठेवायचे आणि वरून धार सोडायचे. ओतताना पेल्याकडे कधी बघायचे नाहीत. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे, कारण त्या तोंडातून 'साकु' यायची वाट बघायची असे. साकु म्हणजे कानडीत बास, पुरे. साकु म्हटलं की धार जागच्या जागी तुटायची, एक थेंब पुढे नाही.

पण कॉफी घ्यायला बसलात आणि 'साकु' न म्हणता 'पुरे' म्हणालात, तर मेलात. सर ओततच राहायचे. एकदा खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते, नाशिककडचे. त्यांना कोण सांगणार? ते 'पुरे पुरे' म्हणाले, सरांनी पेला भरला. त्यांनी शिष्टाचार म्हणून संपवला, सरांनी पुन्हा भरला. साहेब 'अहो बास', 'अहो नको', शेवटी इंग्रजीत 'थँक यू' म्हणाले. सर हसून ओतत होते. आम्ही पदराआड तोंडं लपवून बसलेलो. त्या दिवशी तपासणी लवकर आटपली, कारण साहेबांना सारखं उठून बाहेर जावं लागत होतं. हेडसरांनी तर नंतर सरांचे आभारच मानले. मी मात्र चिडले. म्हटलं, सर, पुरे म्हणजेही तेच की. सर म्हणाले, नाही. पुरे माणूस लाजेनं म्हणतो, नको तर त्याहून लाजेनं म्हणतो. साकु मात्र पोट भरल्यावरच तोंडातून निघतो. आणि तो निघाल्यावर ओतायचं म्हणजे त्या माणसाचं आपण ऐकलंच नाही असं होतं.

"आमच्यात साकु म्हणल्यावर हात थांबला नाही, तर तो हात वाईट."

वर्गातही तेच चालायचं. फळ्यावर गणित सोडवायचे, पोरांकडे वळून बघायचे, पुन्हा पहिल्यापासून सोडवायचे. ज्याला समजलं त्यानं उठून 'साकु सर' म्हणायचं. तेलुगू घरातली पोरं, उर्दू घरातली पोरं, मंगळवेढ्याकडून येऊन वसतिगृहात राहणारी पोरं, सगळी साकु शिकली. आज एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने चालवणारे टक्कल पडलेले बाप्ये रस्त्यात सर दिसले की गाडी थांबवून 'साकु सर' म्हणून नमस्कार करायचे. आमच्या गल्लीत तर भाजीवालीसुद्धा पिशवी भरली की साकु म्हणायची. माझी मराठी कुणी एवढी उचलली नाही, हे मला लई लागायचं.

सरांच्या बायकोला, महानंदा वहिनींना, मात्र दुसऱ्या कुणी बोललेलं चालत नसे. त्या स्वतःच बोलत. कानडीतून मराठीत, मराठीतून कानडीत, कुठे वळण आलं ते त्यांनाही कळत नसे. मी दोन गल्ल्या सोडून राहते. भाजी आणायला निघाले की त्यांच्या फाटकाशी अडकलेच. स्वयंपाक, सणवार, भांडणं सगळं त्यांच्याकडे, पण सकाळची कॉफी सरांकडे. लग्न झाल्या दुसऱ्या दिवशी नव्या नवरीला उठायला उशीर झाला तेव्हा सरांनी आईच्या डोळ्यादेखत कॉफी करून दिली होती, तेव्हापासून ते काम त्यांचं. वहिनी आत देवापाशी फुलं वाहत असायच्या, सर बाहेर ओटीवर ओतायचे, आणि नुसत्या धारेच्या आवाजावरून वहिनी आतून 'साकु' म्हणायच्या. बरोबर तेवढीच कॉफी त्यांना हवी असायची.

सर निवृत्त झाले, मागून मी झाले. मग एक दिवस वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एवढं बोलणारं माणूस, त्याच्या तोंडात एकच शब्द उरला, साकु. पाणी हवं असलं तरी साकु, उशी सरळ करायची असली तरी साकु. मी गेले की तोंड वाकडं करून हसायच्या आणि 'साकु, साकु' म्हणून खुर्ची दाखवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, सवयीचा एखादा शब्द मागे राहतो, त्यात अर्थ शोधत बसू नका. सरांनी मला ते समजावून सांगितलं. म्हणाले, बाई, आता तो शब्द नाही, नुसता आवाज आहे. बाकी वेळचा साकु मी सोडून देतो. ओततानाचा तेवढा मानतो.

गल्लीनं वहिनींना सांभाळून घेतलं, हे मात्र खरं. त्या खिडकीशी बसायच्या. भाजीवाली गाडा थांबवून विचारायची, अक्का, जेवला का? वहिनी म्हणायच्या साकु. 'मेथी देऊ का?' साकु. 'पोरगं येणार हाय का दिवाळीला?' साकु. भाजीवाली दहा मिनिटं बोलून पुढे जायची आणि वहिनींचं तोंड उजळायचं. बाहेरच्या माणसाला हे वेड लागल्यासारखं वाटलं असतं. आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं.

मग सरांचा हात गेला. गेला म्हणजे थरथरायला लागला, आधी अंगठा, मग पंजा. कंपवात. धार वाकडी पडू लागली, तरी कॉफी सोडेनात. एका सकाळी उकळतं दूध वहिनींच्या हातावर सांडलं, उजव्या. तो हात बधिर होता. वहिनी ओरडल्या नाहीत की काही नाही. कातडी लाल होऊन फुगली आणि त्या आपल्या सरांच्या तोंडाकडे बघत होत्या, ह्यांना काय झालं म्हणून. सरांनी हे मला सांगितलं. म्हणाले, ओरडला असता तर बरं झालं असतं. बायकोलाही 'ओरडला असता' म्हणाले, आणि त्या दिवशी मला ते खटकलं नाही.

मुलगा बसवराज पुण्याहून तडक निघून आला. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, बायको नोकरी करते, बाराव्या मजल्यावर घर. मुलगा वाईट नाही, उगाच कशाला बोलू. घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस हुकूम सोडतो. घराला कुलूप लावा आणि दोघं चला, म्हणाला. सरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचं म्हणणं एकच होतं, तिथं वहिनींशी कोण बोलणार? बाराव्या मजल्यावर भाजीवाली येत नाही. तिथं कुणाला साकु कळतो? दोन दिवस बापलेकांची धुसफूस चालली. शेवटी बसवराजनं अटी घातल्या. गॅस बंद. जेवणाचा डबा लावायचा, दिवसभराला बाई ठेवायची. कॉफी सोडायची. सर बाकी सगळ्याला हो म्हणाले, कॉफीला नाही.

"मग पूर्ण ऑटोमॅटिक मशीन घ्या अप्पा," बसवराज वैतागून म्हणाला. "पुढच्या महिन्यात मी येईन. माझ्यासमोर एक कप करून दाखवा, न सांडता. नाहीतर पुणे."

सिलिंडर शेजाऱ्यांकडे गेला. सरांनी पितळेचा फिल्टर टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आणून दिला. तुमच्याकडं राहू द्या, म्हणाले, घरात दिसला की हात जातो.

आणि माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. सरांना मोबाईल येत नव्हता असं नाही, पण बोट काचेवर टेकलं की थरथरून तीनदा लागायचं, आणि बघायचं राहून भलत्याच माणसाला फोन जायचा. म्हणून 'बाई, जरा बघा की'. मला काय कळतंय त्यातलं? पण बघितलं. एक दाढीवाला पोरगा काळा एप्रन बांधून अर्धा तास नुसत्या फेसाबद्दल बोलत होता. मला एवढं समजलं की एकीकडून दाणे, पाणी, दूध घालायचं, बटण दाबायचं आणि दुसरीकडून कॉफी येते. दळणं, गाळणं, दूध तापवणं, चोथा टाकणं सगळं तेच करतं. मी सरांना म्हटलं, झालं की मग, कुठलंही एक घ्या. सर म्हणाले, तसं नाही बाई, आधी विचारायला पाहिजे.

त्यांचे प्रश्न ऐकून मशीन बनवणाऱ्याला घाम फुटला असता. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मधले दिवस बोअरचं. त्या पाण्यानं भांड्याला पांढरा थर बसतो, मग मशीनच्या पोटात काय होईल? दूध म्हशीचं, त्यावर बोटभर साय, ती नळीत अडकली तर? पुडीत चिकोरी मिसळायची सवय, ती चालते का? बिघडलं तर माणूस सोलापुरात आहे का पुण्याहून येणार? आणि शेवटचा प्रश्न दुकानात विचारायचा होता, तो मला सांगेनात.

सात रस्त्याजवळच्या पहिल्या शोरूममध्ये आम्ही गेलो तेव्हा सरांच्या खांद्यावर पिशवी होती. आत वहिनींचा पेला. सरांनी तो मशीनच्या तोटीखाली ठेवून बघितला. बसला नाही, उंच होता. शेजारच्या दुसऱ्या मशीनमध्ये बसला, तर त्याला बटणंच नाहीत, नुसती गुळगुळीत काच. सरांनी बोट लावलं. मशीन सुरू झालं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं, कुठल्या तरी परदेशी भाषेत काहीबाही दाखवायला लागलं. विकणारा पोरगा म्हणाला, अंकल, हळू, एकदाच टच करायचं. सरांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. बाहेर पडेपर्यंत तो हात खिशातच होता. मला त्या पोराचा इतका राग आला, आणि त्याची काही चूक नव्हती म्हणून आणखी राग आला. गुडघे दुखत होते. रिक्षात मी सरांना म्हटलं, साधी पुडी गरम पाण्यात ढवळा आणि मोकळे व्हा. सर रस्त्याकडे बघत बसले.

दुसरं दुकान असंच गेलं. तिसऱ्यात एक मुलगी होती, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिनं पेला हातात घेऊन बघितला आणि कोपऱ्यातलं एक मशीन पुढे ओढलं. जरा जुनं मॉडेल होतं. कुणी घेत नाही म्हणाली, कारण त्याला काच नाही, पुढे मोठा गोल खटका आहे. फिरवायचा आणि जोर लावून दाबायचा. सरांनी हात खिशातून काढला. थरथरणारा अख्खा तळवा खटक्यावर ठेवून दाबला. खटका एकदाच बसला. मग त्यांनी तो राखून ठेवलेला प्रश्न विचारला.

"साकु म्हणल्यावर हा थांबतो का?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला समजावलं की वरून ओतताना ज्याचं पोट भरलं तो साकु म्हणतो. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे चालु म्हणतात सर. आजीला भात वाढताना ती चालु म्हणाली की हात थांबवायचा. सर म्हणाले, म्हणजे तुमच्यात चालु म्हणलं की बंद करायचं? आणि जे हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. फ्रिज बघायला आलेलं एक कुटुंब वळून बघायला लागलं. वहिनींच्या झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. मुलीनं दाखवलं, धार सुरू असताना खटका पुन्हा दाबला की धार तुटते. सरांनी तीन वेळा करून बघितलं. किंमत ऐकून मी शेजारच्या वॉशिंग मशीनवर टेकले. सर म्हणाले, द्या. बिलावर नंबर माझा दिला, मेसेज आले तर बाई वाचतील म्हणून. आता वाचतेय.

घरी आल्यावर मशीनचे नखरे सुरू झाले. पाणी संपलं की लाल दिवा, चोथा भरला की लाल दिवा, ताटली बाहेर राहिली की लाल दिवा. तान्ह्या लेकराचं एवढं करावं लागत नाही. पाण्यासाठी जार लावला. म्हशीचं दूध बंद करून पिशवीचं आणलं, तेही गाळून. चिकोरी सुटली. सर म्हणाले, चव गेला बाई, पण असू दे. पहिल्या दिवशी मशीनमध्ये दाणे दळायचा आवाज झाला तेव्हा वहिनी दचकून रडायला लागल्या. मग सरांनी रीत पाडली. डाव्या हातानं वहिनींचा कान झाकायचा, उजव्यानं खटका दाबायचा. दळून झालं की कान मोकळा करायचा, म्हणजे धारेचा आवाज त्यांना ऐकू यावा. वरचा फेस चमच्यानं काढून टाकायचे, दाढीचा साबण म्हणून. मी अधूनमधून जाऊन बसायची. धार सुरू व्हायची, सर वहिनींच्या तोंडाकडे बघायचे, साकु आला की तळवा खटक्यावर पडायचा. पहिल्यांदा उशीर झाला, दुसऱ्यांदा सांडलं, मग जमत गेलं. त्या दिवसांत सर मला तरुण वाटायला लागले होते. मला वाटलं, राहतात आता हे इथेच.

बसवराज ठरल्याप्रमाणे आला. मलाही बोलावलं होतं. परीक्षेला बसल्यासारखे सर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. कान झाकला, खटका दाबला. मशीन घुर्रर्र करून थांबलं, धार आली. वहिनी म्हणाल्या, साकु. तळवा पडला, धार तुटली. वाटीत एक थेंब नव्हता. सरांनी दोन्ही हातांनी पेला उचलून वहिनींच्या डाव्या हातात दिला. बसवराजनं वाकून वाटीत बघितलं. मग म्हणाला, बरं अप्पा, राहा इथंच, दर महिन्याला मी येत जाईन. त्याचेही डोळे भरले होते. मी देवाचे आभार मानले आणि मनात म्हटलं, सुटलो एकदाचे.

सर म्हणाले, आता तुझ्यासाठी एक करतो. वळले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. इस्त्रीचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. एका पेल्याला एवढी ताकद लागली होती. त्यांनी दुसरा पेला तोटीखाली ठेवला आणि हात खटक्याकडे नेला. तो आता आवरत नव्हता, कोपरापासून हलत होता. वहिनींनी आपला पेला मांडीवर ठेवला, डावा हात लांब करून सरांचं मनगट धरलं, आणि म्हणाल्या, "साकु."

धार सुरूच झाली नव्हती. बसवराजनं तिकडे लक्ष दिलं नाही, दिवसभर ऐकायचा शब्द तो. सर मात्र थांबले. वहिनींकडे बघत राहिले. कानडीत हळू काहीतरी विचारलं. वहिनींनी मनगट सोडलं नाही. सर तिथेच स्टुलावर बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, बसवराज, गाडी कधी आणतोस? आम्ही दोघं येतो.

मी भडकले. बसवराज फोन घेऊन बाहेर गेल्यावर मी सरांना सुनावलं. म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, तो शब्द नाही, नुसता आवाज आहे? आता मुलानं हो म्हटल्यावर तुम्हाला त्यात अर्थ दिसायला लागला? त्यांना पाणी हवं असेल, पाय दुखत असेल. महिनाभर मर मर मेलात, माझे गुडघे झिजवलेत, ते ह्याच्यासाठी? आवाज चढला माझा. सरांनी ऐकून घेतलं.

"बाई, आवाज असेल. मला नाही कळत," ते म्हणाले. "पण आयुष्यात तिनं साकु म्हणल्यावर मी कधी ओतलो नाही. आता ओतू का?"

मी वहिनींच्या मांडीवरचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला.

ते निघाले त्या सकाळी मी लवकर उठले. टॉवेलातला फिल्टर काढला, कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडून चिकोरीची पुडी आणून ठेवली होती ती भरली, काढा उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा कॉफी करत होते, दोनदा चुकली. थर्मास घेऊन त्यांच्या फाटकाशी गेले तर गाडी भरून झाली होती. मशीन डिकीत गोधडीत गुंडाळून ठेवलेलं. वहिनी मागच्या सीटवर उशांच्या आधारानं, सर पुढे. भाजीवाली गाडा आडवा लावून खिडकीशी उभी होती आणि 'अक्का, जाऊन या हं, जाऊन या' म्हणत होती. वहिनी तिला साकु म्हणत होत्या. बसवराज कुलूप लावत होता.

मी वहिनींच्या पेल्यात ओतलं. त्या म्हणाल्या साकु, मी थांबले. मग पुढच्या दाराशी आले. सरांनी वाटीत ठेवलेला पेला दोन्ही हातांनी मांडीवर धरला. पेला वाटीत खुळखुळ वाजत होता. मी धार सोडली, त्यांच्यासारखीच वरून, आणि पेल्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वास आल्यावर त्यांनी ओळखलं, कुठल्या फिल्टरची आहे ते. पेला अर्धा झाला. सर काही म्हणाले नाहीत. पेला काठोकाठ भरला, तरी नाहीत. कॉफी काठावरून वाटीत उतरायला लागली. सर माझ्याकडे बघत होते, ओठ घट्ट मिटलेले, आणि मी ओतत होते. बसवराज मागून 'अहो बाई, सांडतंय' म्हणाला असेल. मी हात थांबवला नाही आणि सर साकु म्हणाले नाहीत, शेवटी थर्मासच संपला.